बंब चौदा शेरांचा होता

वाडा रिकामा करून द्यायला आमच्याकडे पंचेचाळीस दिवस होते. हे मी रद्दी-भांडी घ्यायला आलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगून बसले, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं. ज्यांच्यावर मोठं घर सोडून लहान जागेत जायची वेळ आली आहे, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे. लिहिताना अजून हात थरथरतो, पण लाज धरून गप्प बसले तर तो माणूस उद्या दुसऱ्या दारात जाईल.

आमचा वाडा कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत. खाली सात खोल्या, वर माडी, मागे परसात न्हाणीघर. सासूबाई गेल्या, मग यजमान गेले, आणि त्या एवढ्या घरात मी एकटी राहिले. मुलगा पुण्यात, लेक इचलकरंजीत. पावसाळ्यात कौलं चाळायला माणूस मिळेना, गुडघ्यांनी माडीचा जिना चढवेना. दोन्ही दीर आणि मी बसून बोललो आणि 2023 च्या उन्हाळ्यात जागा विकली. माझ्या वाट्यातून कळंब्याच्या बाजूला एक वन बीएचके घेतला.

फ्लॅट घेताना मात्र मी फसले नाही. हे आधी सांगते, कारण त्यामुळेच मी बेसावध झाले. एजंट सारखा ‘620 फुटांचा फ्लॅट’ म्हणत होता. भाच्याने महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या साइटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घालून पाहिलं, तर कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, निघाली 38.05 चौरस मीटर, म्हणजे जेमतेम 410 चौरस फूट. कार्पेटमध्ये बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत, आतल्या भिंती धरतात. भाव ठरवायचा तो या आकड्यावर, एजंटच्या तोंडच्या आकड्यावर नाही. बिल्डरने आधी वीस टक्के मागितले. रजिस्टर करार केल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही, असं 2016 च्या रेरा कायद्यातच आहे. तेवढं एकदा बोलून दाखवल्यावर त्याने पुन्हा विषय काढला नाही. 2019 आणि 2021 चा पूर डोळ्यांनी पाहिलेला, म्हणून पूररेषेचीही चौकशी करून घेतली. शेवटी स्वतः टेप धरून हॉल मोजला. दहा बाय चौदा. एवढं सगळं नीट जमलं, आणि आता आपल्याला कोण फसवणार, असं मनात बसलं. लाखांच्या व्यवहारात मी डोळ्यांत तेल घालून होते. घरातली भांडी विकताना ते डोळे मिटून घेतले.

दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये वाड्यातलं काय मावणार? सागवानी पलंग सात फुटी, लिफ्टमध्ये जायचा नाही. झोपाळ्याला कडीपाटाची तुळई लागते, स्लॅबला कुठे टांगणार? तांब्याचा बंब, घंगाळ, हंडे, कळश्या, पितळी डबे, पाच पराती, दोन जाती, पाटा-वरवंटा. मुलगा फोनवर म्हणाला, “आई, सगळं काढून टाक, नव्या घरात जुनं काही नको.” तो प्रेमानेच म्हणाला. पण काढून टाकायचं म्हणजे काय, हे काढणाऱ्यालाच कळतं.

तो माणूस रद्दी न्यायला आला. चाळिशीचा असेल. स्वच्छ शर्ट, बोलायला गोड, येताच पाया पडला. “काकी, तुमी एकट्या बायमाणूस, काय बी काळजी करू नगासा. घर कवा खाली करायचंय?” मी तारीख सांगितली. रद्दीला त्याने गल्लीतल्या भावापेक्षा किलोला दोन रुपये जास्त दिले, आणि जाताना परत आला. हातात पाचशेची नोट. “ह्या पंचांगात घावली बघा. तुमची हाय, ठेवा.” माझे डोळे भरून आले. असा माणूस आजकाल कुठे भेटतो, असं मी जाऊबाईंना फोन करून सांगितलं.

ते पंचांग शके 1920 चं होतं, म्हणजे 1998-99 चं. यजमानांनी सुतळीने बांधलेला तो गठ्ठा माडीवर होता आणि कित्येक वर्षांत कोणी सोडला नव्हता. आणि नोट होती करड्या रंगाची, नोटाबंदीनंतरची. ती त्या गठ्ठ्यात असणं शक्यच नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं महिन्याने, रात्री झोप लागत नव्हती तेव्हा. पाचशे रुपयांत त्याने माझा विश्वास विकत घेतला होता.

चार दिवसांनी तो टेंपो आणि दोन पोरं घेऊन आला. काटा हुकाचा, इलेक्ट्रॉनिक. एक पोरगं भांडं टांगून धरायचं, आकडे त्याच्याच बाजूला, तो मोठ्याने वाचायचा आणि मी वहीत लिहायचे. मध्येच म्हणायचा, “काकी, पोरान्ला जरा पाणी,” मग “च्या घेऊ की वाईच.” मी आत-बाहेर करत राहिले. बंब टांगला तेव्हा मी तिथेच होते. “नऊ सातशे,” तो म्हणाला. त्या बंबात मी पस्तीस वर्षं पाणी तापवलं आहे. चिंचेने घासायला तो परसात न्यायचा तर मला एकटीला कधी उचलला नाही. नऊ किलो सातशे ऐकल्यावर मनात कुठेतरी खटकलं, पण मी बोलले नाही. बोलायला हवं होतं.

तांब्याला त्याने किलोला तीनशे लावले, पितळेला दोनशे. का, तर “कल्हई लागलीया, डाग दिल्यात, आटवल्यावर काय ऱ्हातंय?” कल्हईचा थर केवढा असतो, हे मला ठाऊक होतं. तरी मान डोलावली, कारण तारीख जवळ येत होती आणि तो दर दहा मिनिटांनी त्या तारखेची आठवण करून देत होता. “आज न्यायचं तर नेतो, न्हाईतर मला आता गडहिंग्लजला काम हाय, पंधरा दिस येणं न्हाई व्हायचं.”

माडीवरच्या सामानाचं त्याने ठोक ठरवलं, सात हजार. मी म्हटलं, झोपाळा सोडून. झोपाळ्याच्या कड्या लेकीला द्यायच्या होत्या, तिचं लहानपण त्याच्यावर गेलं. तो “व्हय व्हय” म्हणाला. पलंगाला मात्र आत्ता पाच हजार, पॉलिश करून गिऱ्हाईक लागलं की आणखी वीस, असं ठरलं. चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर आकडे होते, त्याचं नाव नव्हतं. पलंग दोरीने बांधून टेंपोत चढवताना त्याच्या खुराला मुलाने लहानपणी खिळ्याने ओढलेली रेघ दिसली. तेवढं बघून मी आत गेले.

संध्याकाळी माडी झाडायला वर गेले. तुळईला दोन हुक तसेच होते. कड्या नव्हत्या. झोपाळ्याची फळी भिंतीला उभी करून ठेवलेली. फोन केला तर म्हणाला, “काकी, तुमीच म्हणालासा, माडीवरचं समदं.” मी म्हटलं, उद्या आणून दे. “आणतो की.” दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

नऊ दिवसांनी देवघराच्या खणात सासूबाईंच्या लग्नातली याद सापडली. 1949 सालची, जाड कागद, घडीवर फाटलेला. आंदण दिलेल्या भांड्यांची यादी, एकेकाचं वजन पक्क्या शेरात. पहिलीच ओळ: ‘बंब तांब्याचा 1, शेर 14.’ मग घंगाळ 6, हंडा साडेचार, असं करत तांब्याचे एकूण 34 शेर. पक्का शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. मी पाढे शिकवण्यात नोकरी घालवलेली बाई, कागद घेऊन बसले. बंब तेरा किलोच्या वर. माझ्या वहीत नऊ सातशे. घंगाळ पाच सहाशे, वहीत चार शंभर. हंडा चार दोनशे, वहीत तीन शंभर. सगळ्याच भांड्यांत चौथा हिस्सा गायब. वापरून भांडं झिजतं, पण सगळी भांडी एकाच मापात झिजत नाहीत. काटाच तसा लावलेला होता.

34 शेरांचे होतात 31.7 किलो. त्याने धरले साडेतेवीस आणि हातावर ठेवले 7,050 रुपये. नंतर ओळखीच्या भांड्याच्या दुकानात विचारलं तर ते मोडीला साडेपाचशे देत होते. म्हणजे सतरा हजारांच्या वरची वस्तू. पितळेचा हिशोब मी केलाच नाही. पलंगाचे वीस हजार आलेच नाहीत.

पोलीस ठाण्यात भाचा बरोबर आला. त्यांनी अर्ज नीट लिहून घेतला, गाडीचा नंबर विचारला. मला टेंपोच्या मागचं ‘आईचा आशीर्वाद’ आठवत होतं, नंबर आठवत नव्हता. माणसाचं नाव विचारलं, तर मी त्याला एकदाही विचारलेलं नव्हतं. तो मला काकी म्हणत होता, एवढंच. वजनात मारलं तर वजनमापं खात्याकडेही तक्रार करता येते, व्यापारी काट्याची दरवर्षी पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो, हे मला तेव्हा कळलं. पण तक्रारीला काटा तरी समोर हवा. तो टेंपोबरोबर गेला होता.

तेव्हा जे मला कोणी सांगितलं नाही ते सांगते. काटा तपासायला घरातच साधन असतं: गॅसचं रिकामं सिलिंडर. त्याच्या वरच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, पंधरा-सोळा किलोच्या आसपास. भांडं टांगण्याआधी ते टांगायला सांगा आणि आकडा स्वतः वाचा. जो वैतागेल त्याला दारातूनच वाटेला लावा. रिकामं सिलिंडर नसेल तर पाच लिटरचा कॅन भरून टांगा, पाणीच पाच किलो भरतं. चहा करायचा असेल तर वजन थांबवून करा. टेंपो दारात लागला की आधी नंबर वहीत, मग कडी काढा. ठोक भाव करूच नका. आणि करायचाच असेल तर जे द्यायचं नाही ते आदल्या दिवशी शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवा. ‘सोडून’ हा शब्द हवेत विरून जातो. गिऱ्हाईक लागल्यावर पैसे देतो म्हणणाऱ्याला वस्तू गिऱ्हाईक लागल्यावरच द्या. मोडीचा भाव दोन दुकानांत विचारायला अर्धा तास पुरतो. मी महारेराच्या साइटवर दोन संध्याकाळी घालवल्या, आणि तो अर्धा तास मला काढता आला नाही.

घर कधी रिकामं करायचं आहे, ते कोणाला सांगू नका. विचारलं तर म्हणा, अजून सहा महिने आहोत. खोटं बोलायची सवय नसेल तर म्हणा, मुलाला विचारून सांगते. एकटी राहणाऱ्या बाईने तर हे पाठच करून ठेवावं.

मुलाला मी बरेच दिवस काही सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “आई, गेलं ते भंगारच होतं की.” त्याचं मन दुखवायचं नव्हतं म्हणून गप्प बसले. पण ते भंगार नव्हतं. सासूबाईंच्या वडिलांनी 34 शेर तांबं मुलीबरोबर पाठवलं, तेव्हा त्यासाठी त्यांना काय विकावं लागलं असेल, हे त्या यादीकडे बघताना कळतं. मला ते विकायचंच होतं. नाइलाज होता, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. त्याचं खरं वजन त्या दिवशी बोललं गेलं नाही, याचं वाटतं.

यादी आता फ्लॅटमधल्या कपाटात आहे. एक परात तेवढी राहिली, तिच्यात कणीक मळते.

एक विनंती आहे. त्या झोपाळ्याच्या कड्या पितळी आहेत, एकूण चार. प्रत्येकीत मधे एक हत्ती आणि त्याच्या वर मोर. चारांपैकी एका मोराची चोच मोडलेली आहे, लेक पाच वर्षांची असताना पडली होती तेव्हाची, आणि त्याच कडीला खालच्या बाजूला एक दुवा तांब्याचा आहे, कारण मूळचा तुटल्यावर यजमानांनी तो तांबटाकडून घालून घेतला होता. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडे कोणाच्या दुकानात, कोणाच्या नव्या बंगल्यात अशी कडी टांगलेली दिसली, तर त्या माणसांना दोष देऊ नका, त्यांनी पैसे मोजूनच घेतली असेल. फक्त कोणाकडून घेतली ते विचारून ठेवा आणि मला कळवा. मी पैसे देऊन परत घेईन.