ॲडव्हान्स्डच्या फिजिक्सचं टॅब-पॅकेज: पुस्तिका उत्तम, गुणमोजणी चुकीची

जेईई ॲडव्हान्स्ड म्हणजे आयआयटीच्या प्रवेशाची परीक्षा. तिच्या नावाने फी घेणाऱ्या कंपनीला ॲडव्हान्स्डचे गुण मोजता आले पाहिजेत. माझी मोठी अपेक्षा हीच होती आणि नेमकी तिथेच फसगत झाली. तक्रार अजून बंद झालेली नाही, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. टॅब, छापील पुस्तिका, रेकॉर्डेड लेक्चर, टेस्ट सिरीज आणि डाऊट विचारायची सोय, असं बारावीचं वर्षभराचं पॅकेज आहे. ज्यांनी असं काही घेतलंय किंवा घ्यायच्या विचारात आहेत त्यांना बाकीची माहिती असणारच, म्हणून ती पुन्हा देत नाही.

फी २६,५०० रुपये, टॅब धरून. आमच्या घरात कुठलाही खर्च सोयाबीनमध्ये मोजतात. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल, म्हणजे हमीभाव हातात पडला असता तरी जवळजवळ पाच क्विंटल. त्यात सप्टेंबरच्या अतिवृष्टीत अर्धं रान पाण्याखाली गेलं. अण्णांनी तरीही हप्ता चुकवला नाही. त्यामुळे या पैशाचा हिशेब मी कंपनीकडे मागणार, आणि मागतोय.

मी जालन्यात स्टीलच्या कारखान्यात नोकरीला आहे. धाकटी बहीण मनू अंबाजोगाई तालुक्यात गावी राहून बारावी सायन्स करतेय. लातूरला ठेवायचं म्हटलं तर क्लास, खोली, मेस धरून आकडा लाखाच्या पुढे जात होता. कॉलेज रोजच्या एसटीच्या टप्प्यात आहे आणि पोरगी स्वतःहून अभ्यासाला बसणारी आहे, म्हणून टॅबचा मार्ग धरला.

सुरुवातीला मी खूश होतो. लेक्चर वायफाय असेल तिथे उतरवून ठेवता येतात आणि नेट नसताना चालतात. संध्याकाळी लाईट गेली तरी बॅटरी पुरते. शिकवणं मराठीतून आहे आणि समजावण्याची पद्धत चांगली आहे. फक्त एक गोष्ट विकताना सांगत नाहीत, ती मी सांगतो. पहिल्या टप्प्याची जेईई मेन मराठीतून देता येते, ॲडव्हान्स्डचा पेपर मात्र फक्त इंग्रजी आणि हिंदीत असतो. लेक्चर मराठीतून ऐकायला हरकत नाही, पण प्रश्न पहिल्या दिवसापासून इंग्रजीतूनच वाचायची सवय हवी. मनूची दहावी मराठी माध्यमातून झाली, तिला हा बदल पचवायला वेळ लागला.

दुसरी अडचण स्टेट बोर्डाच्या पोरांना येणारच. पॅकेजचा सगळा क्रम एनसीईआरटीचा, म्हणजे सीबीएसईच्या पुस्तकांचा आहे. एनसीईआरटीत रोटेशनल मोशन, फ्लुइड्स, थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन हे सगळं अकरावीला. आपल्या बालभारतीत हे बारावीच्या पुस्तकात, आणि रोटेशनल डायनॅमिक्स तर पहिलाच धडा. उलट ऑप्टिक्स आणि इलेक्ट्रोस्टॅटिक्स आपल्याकडे अकरावीलाच सुरू होतात. परिणाम असा, की बारावीचं पॅकेज रोटेशन 'झालेलं आहे' असं धरून थेट उजळणीच्या टेस्टवर नेतं. कॉलेजात तो धडा तेव्हा नुकता सुरू झालेला होता. अकरावीची लेक्चर वेगळे पैसे भरून घ्या म्हणाले. भांडल्यावर त्या चार धड्यांची फुकट उघडून दिली. तुम्हीही मागा, देतात.

आता मूळ दुखणं.

रोटेशनच्या त्याच टेस्टनंतर मनूचा फोन आला. "दादा, दोन टिक केल्यात, दोन्ही बरोबर हायत, तरी उणे दोन दाखवायलंय." मला वाटलं, काहीतरी दाबलं गेलं असेल. रविवारी गावी गेलो तेव्हा तिच्याशेजारी बसून प्रश्न पाहिला. घन गोल, पोकळ गोल, तबकडी आणि कडं एकाच उतारावरून न घसरता गडगडत येतात. पर्याय चार: घन गोल सर्वांत आधी खाली पोचतो, वस्तुमान दुप्पट केलं तरी वेळ बदलत नाही, घर्षणाने केलेलं एकूण काम शून्य, न घसरण्यासाठी लागणारा किमान घर्षणांक चौघांना सारखाच. पहिले तीन बरोबर. चौथा चूक, कारण कड्याला उताराच्या कोनाच्या टॅनच्या निम्मा घर्षणांक लागतो आणि घन गोलाला त्याचा २/७ पुरतो. मनूला पहिले दोन पक्के होते. चौथा तिने गणित करून बाद केला. घर्षणाच्या कामाबद्दल खात्री नव्हती, म्हणून तिसरा सोडला.

ॲडव्हान्स्डच्या नियमाने याचे २ गुण मिळतात. सगळे बरोबर पर्याय टिक केले तर ४. चारही पर्याय बरोबर असताना त्यातले तीनच केले तर ३. तीन किंवा जास्त बरोबर असताना दोनच केले आणि दोन्ही बरोबर, तर २. तसंच एकाला १. एक जरी चुकीचा टिक झाला तर उणे २. हे पेपरवरच्या सूचनांत छापलेलं असतं. टॅबने मात्र पूर्ण उत्तर नाही म्हणून सरळ उणे २ दिले.

कोणी म्हणेल, सरावाच्या टेस्टचे गुण, त्याचं एवढं काय? म्हणून मी कागदावर मांडून पाहिलं. समजा दोन पर्याय पक्के आहेत, एक नक्की चूक आहे आणि उरलेल्या एकाबद्दल मन अर्धं-अर्धं आहे. तो टिक केला आणि बरोबर निघाला तर ४, चूक निघाला तर उणे २, सरासरी १. सोडला आणि तो बरोबर निघाला तर २, चूक निघाला तर आपलं उत्तर पूर्ण म्हणून ४, सरासरी ३. म्हणजे अर्धवट खात्रीवर टिक करणं तोट्याचं आहे. पुढे बीजगणित केलं की दिसतं, खात्री ७५ टक्क्यांच्या वर असेल तरच टिक करणं परवडतं. टॅबच्या मोजणीत सोडलेला पर्याय बरोबर निघाला की २ च्या जागी उणे २ पडतात, आणि टिक करावं की सोडावं याचा हा ७५ टक्क्यांचा काठ ५० टक्क्यांवर उतरतो. महिनोन्‌महिने अशा टेस्ट दिलेलं लेकरू साठ टक्के खात्रीवर टिक करायला शिकतं. खऱ्या पेपरात तिथे हात आवरायला हवा.

आणि तिथे दोन गुण म्हणजे थोडे नव्हेत. २०२५ ला दोन्ही पेपर मिळून ३६० गुण होते, त्यातले फिजिक्सचे १२०. सर्वसाधारण यादीत नाव लागायला एकूण ७४ पुरले. अशा परीक्षेत प्रत्येक मल्टिकरेक्ट, म्हणजे एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकणाऱ्या प्रश्नाला चुकीची सवय घेऊन बसणं मला मान्य नाही. मनूने मधल्या काळात हे प्रश्न सोडूनच द्यायला सुरुवात केली होती. रँक खाली दिसायची आणि तिला वाटायचं आपलं फिजिक्स कच्चं आहे. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

कस्टमर केअरला फोन केला. दरवेळी नवा माणूस, दरवेळी पहिल्यापासून सांगायचं. आधी म्हणाले सिस्टीममध्ये बरोबर आहे. मग मी अधिकृत संकेतस्थळावरून २०२५ चा पेपर उतरवला, सूचनांचं पान आणि मनूच्या टेस्टचा स्क्रीनशॉट शेजारी-शेजारी लावून मेल केला. त्यावर उत्तर आलं, की मुलांची तयारी पक्की व्हावी म्हणून आमचं मार्किंग मुद्दाम कडक ठेवलं आहे. मार्किंग कडक ठेवायला माझी हरकत नाही, काठ दुसरीकडे सरकवायला आहे. वरचं गणित तसंच्या तसं लिहून पाठवलं. त्यावर बरेच दिवस शांतता.

इथपर्यंत माझं मत एका ताऱ्याचं होतं आणि तसंच लिहून टाकणार होतो. पण त्याच आठवड्यात मनूने डाऊट विभागात विचारलं होतं, की घर्षणाचं काम शून्य असेल तर गोलाला फिरण्याची ऊर्जा येते कुठून? मला छापील उत्तराची अपेक्षा होती. दुसऱ्या दिवशी हाताने लिहिलेल्या दोन पानांचा फोटो आला. बलांची आकृती काढून दाखवलं होतं, की घर्षण गोलाच्या पुढे जाण्यातून जेवढी ऊर्जा काढतं तेवढीच त्याच्या फिरण्यात घालतं. गोल जेवढं अंतर पुढे जातो तेवढाच त्याचा घेर वळतो, म्हणून दोन्ही कामांची बेरीज शून्य. ऊर्जा सगळी गुरुत्वाकर्षणाची, घर्षण फक्त वाटणी करतं. घन गोलात फिरण्याच्या वाट्याला एकूण गतिज ऊर्जेचा २/७ भाग, कड्यात निम्मा. खाली लिहिलं होतं, 'आता सांग, कडं उशिरा का पोचतं?' मनूने ते पान वहीला चिकटवलंय. ज्या सरांनी किंवा मॅडमनी ते लिहिलं त्यांना मी ओळखत नाही, पण गावातल्या पोरीला असं उत्तर मिळणं ही मोठी गोष्ट आहे. त्यानंतरही डाऊटची उत्तरं बहुतेक अशीच आली.

पुस्तिकांबद्दलही मत वाढतच गेलं. मागे उत्तरं देताना आधी तीन इशारे दिलेत. पहिल्यात फक्त काय काढायचं ते, दुसऱ्यात कोणता नियम लावायचा ते, तिसऱ्यात समीकरण, आणि पूर्ण उत्तर त्याच्या पुढच्या पानावर. पोरं एकदम उत्तरावर उडी मारत नाहीत. मनू आता बऱ्याचदा पहिल्या इशाऱ्यावर थांबून गणित सोडवते. कागद जाड आहे, पेन्सिल खोडली तरी फाटत नाही. दिवाळीला मावसभाऊ आला होता, तो नीटचा अभ्यास करतो. त्यानेही त्यातला करंट इलेक्ट्रिसिटीचा भाग झेरॉक्स करून नेला.

मग थंडीत ॲपचं अपडेट आलं आणि पार्शल मार्किंग, म्हणजे अर्धवट बरोबर उत्तरालाही गुण देणं, सुरू झालं. माझ्या मेलमुळे झालं का ते कळायला मार्ग नाही. तीन केले तर ३, दोन केले तर २ बरोबर पडतात. मात्र एकच पर्याय टिक केला आणि तो बरोबर असला तरी १ च्या जागी ० येतो. जुन्या टेस्टचे गुणही पुन्हा मोजलेले नाहीत, त्यामुळे आलेखात पोरीचे आधीचे महिने अजून खड्ड्यात दिसतात. मी नवी तक्रार टाकली आहे.

बाकी थोडक्यात. टेस्ट देताना कोपऱ्यात कॅल्क्युलेटरचं बटण दिसतं, ते घरी वापरूच देऊ नका. बोर्डाच्या फिजिक्सला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. ॲडव्हान्स्डला दोन्ही नाही. खरी परीक्षा संगणकावर माऊसने द्यायची असते, आकडे स्क्रीनवरच्या पॅडवर टिचकी मारून भरायचे. बोटाने टॅबवर दिलेल्या टेस्टने ती सवय होत नाही. अधिकृत संकेतस्थळावर मॉक टेस्ट फुकट आहेत, मी मनूला अंबाजोगाईत ओळखीच्या दुकानातल्या संगणकावर त्या द्यायला लावल्या. टॅबची चार्जिंगची पिन सैल झाली तेव्हा पुण्याला कुरिअर करा म्हणाले. टेस्ट चालू असताना टॅब पाठवायचा म्हणजे अभ्यास बंद, म्हणून वॉरंटीचा विचार सोडून गावातच पिन बदलून घेतली.

घ्यायचं का, तर माझं मत असं. कंपनी फक्त पुस्तिका आणि डाऊटची सोय विकत असेल तर डोळे झाकून घ्या. तसं देत नाहीत, मी विचारलं. लातूर, नांदेड, संभाजीनगरला क्लास लावलेल्या पोरांनी फक्त टेस्टसाठी हे घेऊ नये. ॲडव्हान्स्डचे जुने पेपर अधिकृत संकेतस्थळावर फुकट मिळतात, आणि ते लावून हाताने गुण मोजले तर कुठल्याही ॲपपेक्षा बरोबर मोजले जातात. गावी राहून एकट्याने अभ्यास करणाऱ्याला मात्र या पॅकेजचा आधार होतो, हे मी नाकारत नाही. घेण्याआधी डेमो टेस्ट मागा, एका मल्टिकरेक्ट प्रश्नात मुद्दाम एकच बरोबर पर्याय टिक करा आणि किती गुण पडतात ते बघून मगच पैसे भरा.

मनूची ॲडव्हान्स्ड १७ मे २०२६ ला. तोवर पॅकेज वापरणार, पुढे वाढवणार नाही. टॅबला कंपनीचं कुलूप आहे, दुसरं काही त्यावर चालत नाही. मुदत संपल्यावर कुलूप काढून देणार का, हे लेखी विचारलंय. टॅबचे पैसे फीत घेतलेत, तेव्हा तो आमचा आहे. उत्तर आलं की इथे भर घालतो.