गणपती पाहायला पेठांत जायचे कसे : मेट्रो, पीएमपी की दुचाकी?

पुण्यातल्या पेठांमधले गणपती पाहायला निघणाऱ्या कुटुंबाने वाहन ठरवताना पोहोचायला किती वेळ लागेल याचा विचार कमी आणि परत घरी कसे येणार याचा अधिक करावा, असे माझे अनेक वर्षांच्या फिरण्यातून झालेले मत आहे. संध्याकाळी माणसे टप्प्याटप्प्याने येतात. रात्री अकराच्या पुढे मात्र सगळी गर्दी एकदमच घराकडे वळते आणि तिन्ही पर्यायांमधला खरा फरक तेव्हा कळतो.

दुचाकीचा मोह समजण्यासारखा आहे, कारण ती आपल्या वेळेने निघते. परंतु गर्दीच्या दिवसांत लक्ष्मी, शिवाजी आणि बाजीराव रस्ता संध्याकाळनंतर वाहनांना बंद असतात, त्यामुळे गाडी नदीपात्रात किंवा त्याहून लांब लावून उरलेले अंतर चालावेच लागते. खडकवासल्यातून विसर्ग वाढवला की नदीपात्रातला रस्ता आणि भिडे पूल पाण्याखाली जातो, मग तीही जागा हातची जाते. एकदा मध्यरात्री परतलो, तर आमच्या गाडीचे हँडल शेजारच्या दोन गाड्यांच्या हँडलांमध्ये असे अडकले होते की चौघा अनोळखी मुलांनी मागचे चाक उचलून दिले तेव्हा ती निघाली. लहान मुलाला झोपलेल्या अवस्थेत कडेवर घेऊन हा खटाटोप करणे मला आजही नको वाटते.

पीएमपीच्या बसचा पल्ला मोठा आहे. हडपसर, कात्रज, सिंहगड रस्ता या भागांत मेट्रो पोहोचलेली नाही आणि तेथील माणसांना बसच सोयीची पडते. उत्सवात रात्रीच्या जादा बस सुटतात, मात्र पेठांतले रस्ते बंद झाल्यावर मार्ग वळवले जातात. म्हणून नेहमीच्या थांब्यावर वाट पाहत न बसता स्वारगेट, डेक्कन किंवा महापालिका भवन येथूनच बस धरावी.

मेट्रोने मात्र चित्र खरोखर बदलले. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे त्या वर्षीचा उत्सव आटोपल्यावर सुरू झाला आणि कसबा पेठ व मंडई ही स्थानके २०२५ मध्ये प्रथमच गणेशोत्सवात कामी आली. त्या वर्षी अनंत चतुर्दशीला, ६ सप्टेंबरच्या सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी रात्री अकरापर्यंत, मेट्रो सलग ४१ तास धावली. मिरवणूकही ३२ तासांहून अधिक चालली, तेव्हा ही सेवा किती गरजेची होती हे वेगळे सांगायला नको.

तरीही मेट्रोने जायचे म्हणजे मंडईलाच उतरायचे, असे समजू नये. गाडी तीन डब्यांची आहे आणि रात्री मंडईच्या प्रवेशद्वारापाशी माणसांना दोर धरून टप्प्याटप्प्याने आत सोडावे लागते. तिथे उभ्या उभ्या पेंगणारी मुले पाहून जीव कासावीस होतो. पिंपरी-चिंचवडकडून येणाऱ्यांनी कसबा पेठेत उतरावे, मानाच्या कसबा गणपतीपासून सुरुवात करून दक्षिणेकडे सरकावे आणि शेवटी मंडईवर न थांबता स्वारगेटपर्यंत चालत जावे. गाडी तिथूनच सुटत असल्याने बसायला जागा मिळण्याची शक्यता अधिक असते. कोथरूडकरांनी थेट डेक्कन जिमखान्याला उतरून लकडी पुलावरून अलका चौकात यावे. त्यांना जिल्हा न्यायालय स्थानकात मार्ग बदलण्याची गरजच नाही, कारण तिथला भुयारी फलाट सुमारे ३३ मीटर खोल आहे आणि गर्दीत तेवढे खाली-वर करण्यात पाय आणि वेळ दोन्ही जातात.

ज्यांच्या जवळ मेट्रो स्थानक आहे त्यांच्यासाठी माझा कौल निःसंशय मेट्रोला आहे. कात्रज किंवा सिंहगड रस्त्याच्या मंडळींनी बसने स्वारगेट गाठून पुढे पायी जावे. ढोल-ताशा पथकातल्या, पहाटे परतणाऱ्या तरुणांना दुचाकीशिवाय अनेकदा इलाज नसतो. त्यांनी निदान ती नदीपलीकडे लावावी.

घरात गुडघे दुखणारे आजी-आजोबा असतील, तर त्यांना या तिन्हींपैकी कशानेही रात्री नेऊ नये. सकाळी आठच्या सुमारास रस्ते खुले असतात, रिक्षा मंडपाच्या बरीच जवळ जाते आणि दगडूशेठच्या गणपतीसमोर हात जोडून दोन क्षण शांतपणे उभे राहता येते. रात्रीचे हलते देखावे त्यांना दिसणार नाहीत, पण मूर्ती डोळे भरून दिसेल.