‘डिग्री लागत नाही’ म्हणत गळ्यात मारलेला खोटा अनुभव

मेकॅनिकल, सिव्हिल किंवा बी.एस्सी. झालेली मुलं पुण्यात आयटीचा क्लास शोधत फिरतात, तेव्हा पहिल्याच काउन्सेलिंगला ऐकायला मिळतं, “सॉफ्टवेअरला कॉम्प्युटरची डिग्री लागत नाही.” हे निम्मं खरं आहे, म्हणूनच खपतं. चार वर्षं खरं काम केलेल्याला डिग्रीबद्दल फारसं कुणी विचारत नाही. अडतं ते पहिल्या नोकरीला. मोठ्या कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत बहुतेकदा बी.ई.ची कुठलीही शाखा चालते. पण पदवी कोणती आणि टक्के किती, हे अर्जातच विचारलेलं असतं. साठ टक्क्यांखालची मुलं आणि बी.कॉम.वाले तिथेच गळतात, आणि क्लासवाल्यांना गिऱ्हाईक मिळतं ते याच मुलांमधून.

फलकावर ‘100 टक्के जॉब गॅरंटी’, करारात मात्र ‘प्लेसमेंट असिस्टन्स’. खाली बारीक अक्षरात हजेरीची अट, मॉक टेस्टचे गुण आणि एक कलम: मुलाखतीचा आलेला कॉल नाकारला तर क्लासची जबाबदारी संपली. मग पहिला कॉल येतो तो कॉल सेंटरचा. नाकारला तर क्लास मोकळा, घेतला तर ‘प्लेसमेंट झाली’.

फी “हप्त्याने भरा” म्हणतात आणि टॅबवर आधार, पॅन, सेल्फी, ओटीपी घेतात. हे फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. पैसे थेट क्लासला जातात, हप्ता मुलाच्या खात्यातून कापला जातो. क्लासला कुलूप लागलं तरी हप्ता चालूच राहतो, चुकवला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा स्कोअर, बिघडतो. ओटीपी देण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या व्याज-खर्चाचा आणि अटींचा गोषवारा, मागून वाचा. डिजिटल कर्जात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून बाहेर पडायला कूलिंग-ऑफ मुदत असते, पण ती थोड्या दिवसांची असते.

खरा घात मात्र शेवटच्या महिन्यात होतो. “फ्रेशरला कोण घेतंय? तीन वर्षांचा एक्सपिरियन्स लावू,” म्हणून वेगळे पैसे घेतात, तेही रोख. बदल्यात कुठल्याशा कंपनीचं ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा आणि रिलीव्हिंग लेटर मिळतं. नवी कंपनी जुन्या नोकरीची पडताळणी करते, त्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला हे टिकत नाही. तपासणारा आधी यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा खाते क्रमांक, मागतो. पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीत ती तीन वर्षं दिसत नाहीत. “वीसपेक्षा कमी माणसं होती, पीएफ लागू नव्हता” हे पढवलेलं उत्तर तपासणाऱ्यांच्या चांगल्या ओळखीचं असतं. मग बँकेचं स्टेटमेंट आणि फॉर्म 26एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराचा आयकर खात्याचा उतारा, मागतात. पगार खात्यात जमा झालेला दिसत नाही. स्लिपेवर टीडीएस कापलेला आणि 26एएस कोरा, म्हणजे विषयच संपला. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीच्या स्थापनेची तारीख आणि संचालकांची नावं कुणालाही दिसतात. स्थापना जॉइनिंगच्या तारखेनंतरची, किंवा संचालक क्लासचाच मालक, असे नग तिथे सापडतात.

बरं, हे सगळं जॉइनिंगआधीच होतं असं नाही. रिपोर्ट कधीकधी काही महिन्यांनी येतो आणि चालू नोकरीतून काढतात. खोटी कागदपत्रं वापरणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे आणि सही मुलाची असते. अमेरिकेला जायचं डोक्यात असेल तर आणखी सांभाळा: तिथल्या नोकरीच्या एच-1बी व्हिसाला पदवी किंवा तिच्या तोडीचं शिक्षण-अनुभव लागतो, आणि व्हिसासाठी दिलेला खोटा अनुभव उघड झाला तर कायमची बंदी येऊ शकते.

पैसे भरण्याआधी ‘जॉब गॅरंटी’चं वाक्य लेटरहेडवर लिहून मागा. देत नाहीत, तिथून उठा. मागच्या बॅचच्या मुलांना लिंक्डइनवर स्वतः शोधा, क्लासने दिलेल्या नंबरांवर भिस्त ठेवू नका. जीएसटीचं बिल घ्या. मालकाच्या वैयक्तिक यूपीआयवर पाठवलेल्या पैशांचं क्लासशी नातं ग्राहक आयोगापुढे जोडताना नाकी नऊ येतात.

फसलाच असाल तर फलकाचे फोटो, व्हॉट्सॲप चॅट, करार जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवा. फायनान्स कंपनीला वेगळं, लेखी कळवा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. खोटा अनुभव अजून कुठे लावला नसेल तर रेझ्युमेवरून आणि नोकरीच्या पोर्टलवरच्या प्रोफाइलमधूनही आजच काढा.