पाच विरुद्ध पाच, आणि त्यात नवखे आपण: काही महिन्यांनंतरचा अनुभव

हा एक ऑनलाइन व्हिडिओ गेम. त्याचं नाव देत नाही, कारण लिहितोय ते या जातीच्या बहुतेक खेळांना लागू पडतं. पाच-पाच जणांच्या दोन टीम, तीन लेनचा (म्हणजे तीन वाटांचा) नकाशा, समोरच्यांचा तळ फोडायचा, सामना साधारण अर्धा-पाऊण तासाचा. इन्स्टॉल करण्याआधी जे रिव्ह्यू वाचले ते सगळे ग्राफिक्स, सर्व्हर आणि हिरोंबद्दल, म्हणजे खेळायला निवडायच्या पात्रांबद्दल होते. ते मीही उरकून टाकतो: खेळ देखणा आहे, क्वचितच अडकतो, आणि पैसे भरले म्हणून कुणाची ताकद वाढत नाही. पण आपल्याच टीममधले चार अनोळखी लोक आपल्याशी कसे वागतात, यावर कुणी ओळ लिहिली नव्हती. नवख्याचा मुक्काम किती टिकणार हे मात्र त्यावरच ठरतं.

ट्युटोरियल चालायला, मारायला आणि वस्तू विकत घ्यायला शिकवतं. कधी पुढे जायचं नाही, हे शिकवत नाही. याच जातीच्या डोटा 2 मध्ये 120 हून जास्त हिरो आहेत, लीग ऑफ लेजेंड्समध्ये 160 हून जास्त. कोण लांबून खेचतो, कोण अदृश्य होतो, कोण भिंतीपलीकडून उडी मारतो, हे मरता मरताच कळत जातं. आणि मरणं इथे फुकट नसतं. तुम्ही मेलात की मारणाऱ्याला सोनं आणि अनुभवाचे गुण मिळतात, त्यातून तो चांगली शस्त्रं घेतो आणि पुढच्या वेळी तुमच्या टीममधल्या जाणत्या खेळाडूलाही भारी पडतो. म्हणजे कच्चा खेळाडू टीममध्ये असण्यापेक्षा नसलेला बरा, अशी खेळाची रचनाच आहे. गल्लीतल्या खेळात लहानग्याला कच्चा लिंबू म्हणून धकवून घेतात. इथे पहिल्या सामन्यापासून प्रत्येक मरण मोजलं जातं आणि स्कोअरबोर्डवर नावापुढे लावलं जातं. बदली खेळाडू नाही. मध्येच निघून गेलात तर दंड. म्हणजे चार जण तुमच्यासोबत अर्धा तास कोंडलेले. त्यांची चीड मला समजते, अगदी मनापासून.

चीड समजते, पण तिचा उपयोग शून्य असतो. ‘बॉट आहेस का’ (म्हणजे माणूस नाही, कॉम्प्युटर), ‘अनइन्स्टॉल कर’, ‘मिडवाल्याला (मधल्या लेनवाल्याला) रिपोर्ट करा’, या तीन वाक्यांत बहुतेक संभाषण संपतं. यातल्या कशातूनही मला काय चुकलं ते कळत नाही. ‘नदीत वॉर्ड लाव’ (वॉर्ड म्हणजे आसपासचं दाखवणारी टेहळणीची वस्तू) टाइप करायला शिवीपेक्षा कमी वेळ लागतो, पण ते कुणी लिहीत नाही. आणखी एक गंमत म्हणजे टाइप करणारा त्या वेळी उभा असतो, खेळत नसतो. सगळ्यात जास्त ओरडणाऱ्याचे आकडे मी नंतर नेहमी बघायचो. बऱ्याचदा त्याची मरणं माझ्या आसपासच असायची. खरोखर पोचलेले खेळाडू सहसा गप्प असतात. त्यांना नकाशाकडे बघायचं असतं.

याचं मूळ रेटिंगमध्ये, म्हणजे जिंकण्या-हरण्यावर खालीवर होणाऱ्या आकड्यात आहे, असं माझं मत आहे. आर्पाड एलो यांची रेटिंगची पद्धत बुद्धिबळासाठी होती. जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती 1970 मध्ये स्वीकारली. दोन माणसं, एक पट, हरलात तर तुम्ही हरलात. त्याच कल्पनेची नातवंडं आज पाच जणांच्या टीमला लावली जातात. आकडा माझ्या एकट्याचा, पण तो खालीवर होतो पाच जणांच्या खेळावर. मग घसरलेल्या आकड्यासाठी दोषी शोधला जातो, आणि सगळ्यात जास्त वेळा मेलेला माणूस तर यादीत समोरच दिसत असतो. सामने जुळवणाऱ्या सिस्टीमलाही नवीन खात्याचा अंदाज नसतो, त्यामुळे सुरुवातीला ती तुम्हाला कुठेही टाकते.

त्यात स्मर्फ. जुने, तयार खेळाडू नवीन खातं काढून खालच्या पातळीवर येतात आणि नवख्यांना झोडपतात. हे नाव 1990 च्या दशकातल्या वॉरक्राफ्ट 2 च्या खेळाडूंपासून चालत आलंय, म्हणजे रोग जुनाच आहे. 2023 मध्ये व्हॉल्व्ह या कंपनीने आपल्या डोटा 2 मधली 90,000 स्मर्फ खाती बंद केली. एका खेळातली, एका झाडणीत. याचा एक तिरका परिणाम असा की नवख्यावर दोन्हीकडून संशय येतो: वाईट खेळलात तर मुद्दाम हरवताय, चुकून एखादा सामना छान झाला तर तुम्हीच स्मर्फ.

कंपन्यांनी उपाय केलेत, नाही असं नाही. डोटा 2 मध्ये रँक्ड, म्हणजे रेटिंगवर परिणाम करणाऱ्या सामन्यांआधी 100 तास खेळावं लागतं, लीगमध्ये 30 वी लेव्हल गाठावी लागते. ओव्हरवॉच या शूटिंगच्या खेळाने 2016 मध्ये मस्त खोडी काढली: कुणी ‘जीजी ईझी’ (हरलेल्याला ‘फारच सोपं गेलं’ असं हिणवणं) लिहिलं की त्याच्याच नावावर काहीतरी बावळट वाक्य सगळ्यांना दिसायचं. लीगने 2021 मध्ये विरोधी टीमशी होणारं चॅट बंद केलं, पण आपल्या टीमचं ठेवलं, आणि माझ्या अनुभवात त्रास तिथूनच जास्त येतो. शब्द काढून घेतले तरी लोक वाट शोधतात. गाड्यांनी फुटबॉल खेळायच्या रॉकेट लीगमध्ये ‘काय वाचवलंस!’ हा तयार संदेश गोल खाल्ल्यावरच जास्त दिसतो. आमच्याकडे प्रश्नचिन्हाचा पिंग, म्हणजे नकाशावर टाकायची आवाजी खूण आहे. शत्रू दिसेनासा झाला हे सांगण्यासाठी बनवलेला. तो माझ्या प्रेतावर लागोपाठ सात-आठ वेळा वाजवला की वेगळा अर्थ सांगावा लागत नाही.

म्हणून म्यूट. सामना सुरू होताच सगळ्यांना म्यूट करणं, म्हणजे त्यांचं बोलणं-लिहिणं आपल्यापुरतं बंद करणं, ही मला या खेळातली सर्वात उपयोगी सोय वाटते. मरणं तेवढीच राहिली, पण मेल्यानंतर पुढच्या मिनिटात जो गोंधळ करायचो तो थांबला. तोटाही आहे. एका सामन्यात घाईत म्यूट करायचं राहिलं, आणि संपल्यावर आमच्या सपोर्टने, म्हणजे दुसऱ्यांना मदत करण्याची भूमिका घेतलेल्या खेळाडूने, तीन ओळी लिहिल्या: मिनिमॅपवर (कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर) विरोधी तिघंच दिसत असतील तर उरलेले दोघं तुझ्याकडे येतायत असं धर, वॉर्ड नसलेल्या झुडपात पुढे पाऊल टाकू नकोस, मिनियनवर (लेनमधून आपोआप येणाऱ्या छोट्या सैनिकांवर) सतत मारू नकोस, फक्त शेवटचा वार तुझा असू दे. बस. त्या तीन ओळींनी माझी मरणं निम्म्यावर आली असतील. म्यूट असतो तर त्या पोचल्याच नसत्या.

जाता जाता एका नेहमीच्या सल्ल्याबद्दल. ‘नवीन आहेस तर सपोर्ट घे’ हे सगळे सांगतात. ऐकू नका. सपोर्टला नकाशा आधी वाचता यावा लागतो, आणि तीच गोष्ट नवख्याकडे नसते. वर त्याच्या चुकीने दुसऱ्याची लेन बुडते, म्हणजे शिव्या हमखास. एकट्याची लेन घ्या, साधा, दणकट हिरो घ्या, तोच तोच खेळा.

काही दिवस शूटर, म्हणजे बंदुकांचा खेळही खेळून पाहिला. तिथे राउंडमध्ये मेलेले लोक जिवंत असलेल्याच्या स्क्रीनवरून बघतात. टीममध्ये मी एकटा उरलो की चार जण माझा नेम बघत हेडफोनमधून सूचना देणार, आणि चुकलो की उसासा. तो उसासा मला शिवीपेक्षा जास्त लागला. शूटर काढून टाकला.

हा खेळ ठेवलाय. दोन ओळखीचे खेळाडू मिळाले तर रात्री रँक्ड खेळतो, एकटा असेन तर साधे सामने, चॅट बंद. पाचपैकी गुण: खेळाला साडेचार, नवख्यासाठी दीड. ज्यांच्यासोबत कुणी खेळणारं नाही त्यांनी आधी बॉटसोबतचे सामने भरपूर खेळावेत, आणि पहिल्या खऱ्या सामन्याआधी सेटिंगमध्ये जाऊन म्यूटचं बटण कुठे आहे ते बघून ठेवावं. आमच्याकडे ते तिसऱ्या मेनूत, आवाजाच्या टॅबमध्ये आहे.