सांता फेच्या ओसरीवरचं काळं मडकं

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत सांता फेला गेलात तर दुकानांत शिरण्याआधी पॅलेस ऑफ द गव्हर्नर्सच्या, म्हणजे स्पॅनिश गव्हर्नरांच्या जुन्या वाड्याच्या, लांबलचक ओसरीवर जा. प्युब्लो, म्हणजे इथले गावं वसवून राहणारे मूळ रहिवासी, आणि इतर आदिवासी कारागीर भिंतीला टेकून, पुढ्यात चादर अंथरून बसलेले असतात. नियम कडक आहेत. माल स्वतःच्या किंवा घरच्यांच्या हातचा हवा, त्यावर कारागिराची खूण हवी. मागच्या खेपेला शहरातल्या एका दुकानाने मला साच्यात ओतलेलं मडकं हातचं म्हणून विकलं होतं. ते अजून सलतं, म्हणून यंदा थेट इथे आले.

घेतलं ते सांता क्लारा ह्या प्युब्लो गावचं काळं मडकं, ओंजळीत मावेल एवढं. १४० डॉलर. घासाघीस केली नाही, करूही नये. ह्या कामात चाक नसतंच. मातीच्या वळ्या एकीवर एक चढवत भांडं उभं करायचं, मग गुळगुळीत गोट्याने घोटत बसायचं. काळेपणा हा लावलेला रंग नव्हे. भाजताना ऐन वेळी वाळक्या लिदीचा भुगा टाकून जाळ कोंडतात आणि त्या धुरात तांबडी माती काळी होते.

लीद म्हटल्यावर मी थबकले. घोडे, मेंढ्या, गायी इथे आणल्या स्पॅनिशांनी. १५९८ साली ते वस्ती करायला आले आणि प्युब्लोंकडून मका, कापड वसूल करू लागले. पण त्यांच्याच जनावरांचं शेण आणि लीद कुंभारणींनी भाजणीला घेतली. गहू आला तशी पावाची कणीक मळायला रुंद तोंडाची मोठाली भांडी घडू लागली. पाद्र्यांसाठी मेणबत्तीदाण्या आणि काठाच्या थाळ्याही केल्या, पण वळ्या चढवूनच! १६८० साली उठाव करून प्युब्लोंनी स्पॅनिशांना हाकललं आणि ह्याच वाड्यात स्वतः राहिले, बारा वर्षांनी स्पॅनिश परतेपर्यंत. त्याच वाड्याच्या ओसरीवर बसून हे मडकं मी निवडलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

एक सांगते, ह्यात पाणी भरू नका. माती कमी आचेवर भाजलेली असते, पाणी झिरपतं आणि तकाकी जाते. फुलं ठेवायची तर सुकलेलीच.

घेताना टिचकी मारून बघा. खणखणीत वाजलं तर तडा नाही. आजी उन्हाळ्यात माठ घेताना हेच करायची. मी टिचकी मारली तशी कुंभारीण हसली आणि मडकं उलटं करून बुडावरची आपली खूण दाखवली.