मिनी स्कुबा सिलिंडर: विकत मिळतो, पण भरायचा कुठे?

ऑनलाइन दुकानांत पाण्याखाली श्वास घेण्यासाठीचा १ लिटरचा ‘मिनी स्कुबा’ संच सहज मिळतो. ॲल्युमिनियमची छोटी टाकी, तिच्याच तोंडावर बसवलेला रेग्युलेटर (हवेचा दाब श्वासाजोगा कमी करणारा भाग) आणि माउथपीस, बोटाच्या पेराएवढं गेज, हाताने हापसायचा उच्चदाबाचा पंप, मोठ्या सिलिंडरवरून हवा घ्यायला ॲडॅप्टर, वर एक पिशवी. तारकर्ली-मालवणला किंवा गोव्याला जाताना बरोबर न्यावा म्हणून लोक तो मागवतात. दिसायला संच नेटका आहे, फिनिशिंगही वाईट नाही. पण या वस्तूचा निकाल टाकीच्या खांद्यावरच्या ठशांवर लागतो, आणि तिथे ती सपशेल नापास होते.

डायव्हिंगमध्ये सर्रास वापरली जाणारी ११.१ लिटरची ॲल्युमिनियमची टाकी बघा. तिच्या खांद्यावर कोरून लिहिलेलं असतं: कोणत्या मानकानुसार बनली, उत्पादक कोण, अनुक्रमांक काय, कामाचा दाब किती (अमेरिकन टाकीवर ३००० पीएसआय, म्हणजे २०७ बार), हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) कोणत्या महिन्यात झाली आणि कोणी केली. मिनी संचांच्या टाक्यांवर बहुतेक वेळा २०० बारचा आकडा, एक तारीख आणि ‘सीई’ ही युरोपीय मानकांची खूण एवढंच सापडतं, तेही कधी कधी नुसतं स्टिकरवर. युरोपात वाहून न्यायच्या गॅस सिलिंडरला ‘पाय’ हे ग्रीक अक्षर आणि त्याच्याशेजारी तपासणी संस्थेचा क्रमांक लागतो. सिलिंडरवर एकट्या ‘सीई’ला काही अर्थ नाही. विक्रेता ते प्रमाणपत्र म्हणून दाखवत असेल तर तिथेच थांबा.

आता भारतातला कायदा. गॅस सिलिंडर नियम, २०१६ हे १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली येतात आणि त्यांची अंमलबजावणी ‘पेसो’ (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना) ही केंद्र सरकारची संस्था करते. तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. ५०० मिलिलिटरहून मोठं, १००० लिटरपर्यंतचं, दाबाखालचा गॅस ठेवायचं धातूचं बंद भांडं म्हणजे सिलिंडर, अशी व्याख्या आहे. म्हणजे १ लिटरची टाकी त्यात आलीच. मुख्य विस्फोटक नियंत्रकांनी मंजूर न केलेल्या प्रकारचा सिलिंडर भरता येत नाही. मंजूर असला, पण मुदतीतली चाचणी झालेली नसली, तरीही भरता येत नाही. भरणाऱ्याला परवाना लागतो आणि सिलिंडर आयात करायलाही परवाना लागतो. ‘हायड्रो टेस्ट करून घेतली की झालं’ हा समज चुकीचा आहे. त्या टेस्टमध्ये टाकी पाण्याने भरून कामाच्या दाबाच्या सुमारे दीडपट किंवा त्याहून जास्त दाब देतात आणि ती कायमची किती फुगली ते मोजतात. मिश्रधातू कोणता, भिंतीची जाडी किती, चाचणीचा दाब किती, हे माहीतच नसेल तर चाचणी केंद्राने पंप कुठे थांबवायचा? त्यामुळे किनाऱ्यावरच्या फिलिंगवाल्याने तुमची टाकी परत केली तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. ‘थोडीच भरा, १०० बारपर्यंत’ हेही सांगू नका, कारण भिंत किती दाब सोसेल हे तुम्हा दोघांनाही माहीत नसतं.

भरताना धोका कुठे असतो? पहिला धोका आट्यांत. ‘पाऊण इंची’ म्हणवल्या जाणाऱ्या, पण प्रत्यक्षात सुमारे २६ मिलिमीटरच्या मानेत २५ मिलिमीटरचा व्हॉल्व्ह थोडा सैल बसतो, पण घट्ट झाल्यासारखा वाटतो. २०० बारला त्या तोंडावर एक टनाहून जास्त जोर येतो आणि व्हॉल्व्ह गोळीसारखा सुटतो. मिनी संचांचे आटे आणखी वेगळे असतात, त्यात बाजारातले कन्व्हर्टर जोडले की काय कशात बसलंय ते ओळखणं कठीण. दुसरा धोका वेगात. मोठी टाकी भरताना मिनिटाला २०-३० बार हा सवयीचा वेग आहे. ॲडॅप्टरवरून १ लिटरची टाकी अर्ध्या मिनिटात भरते आणि हाताला चटका बसेल इतकी तापते. ५५ अंशांवर दाखवलेले २०० बार गार झाल्यावर १८४ च्या आसपास येतात. मग लोक ‘कमी भरली’ म्हणून पुन्हा दाब देतात. आणि ॲडॅप्टर काढण्याआधी ब्लीड स्क्रू उघडून मधली हवा सोडलीच पाहिजे. न सोडता पाना लावला तर जोडणी हातात उसळते.

हातपंपाबद्दल आमचं मत आणखी कडक आहे. १ लिटरच्या टाकीत २०० बारला साधारण २०० लिटर हवा बसते. तेवढी आत जायची तर एका झटक्याला पाव लिटर धरूनही ८०० झटके होतात. दमण्यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे ओलावा आणि तेल. श्वासाच्या हवेसाठीच्या कॉम्प्रेसरमध्ये ओलावा टिपणारं मॉलिक्युलर सीव्ह आणि तेलाची वाफ धरणारा सक्रिय कोळसा असतो, बऱ्याच ठिकाणी कार्बन मोनॉक्साइडसाठी हॉपकलाइटही. युरोपीय मानक कार्बन मोनॉक्साइड ५ पीपीएमपर्यंतच (दहा लाखांत ५ भाग) चालवून घेतं. संचासोबतच्या पंपात कापसाची गादी असते, आणि १२ व्होल्टचे छोटे कॉम्प्रेसर मुळात एअरगनसाठी बनलेले असतात. ३० मीटरवर प्रत्येक दूषित घटकाचा आंशिक दाब (हवेच्या एकूण दाबातला त्याचा वाटा) पृष्ठभागाच्या चौपट होतो. १० मीटरवर दुप्पट.

एका टाकीत १५-२० मिनिटं पाण्याखाली राहता येतं, या विक्रेत्यांच्या दाव्यावर विसंबू नका. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला सुमारे २० लिटर हवा घेतो, १० मीटरवर ४० लिटर. २०० लिटर म्हणजे ५ मिनिटं, राखीव काहीच नाही.

पाच ताऱ्यांपैकी एक, तोही फक्त पिशवी आणि गेजसाठी. स्वतःची टाकी हवीच असेल तर पेसोची मान्यता असलेली घ्या. बिलासोबत मान्यतेचं पत्र आणि उत्पादकाचं चाचणी प्रमाणपत्र मागा, आणि त्यावरचा अनुक्रमांक खांद्यावरच्या ठशाशी अंकागणिक ताडून पाहा. जुनी टाकी घेत असाल तर नव्याने दिलेला चकाचक रंग बघून हुरळू नका. ॲल्युमिनियमची टाकी पावडर कोटिंगच्या भट्टीत गेली असेल तर धातूची ताकद कमी झालेली असू शकते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

मिनी संच आधीच घेतला असेल तर व्हॉल्व्ह अगदी हळू उघडून हवा पूर्ण सोडा आणि गेज शून्यावर आहे याची खात्री करा. मगच जाणकाराकडून व्हॉल्व्ह काढून घ्या. टाकीला भोक पाडून भंगारात द्या, म्हणजे दुसरं कोणी ती भरायला नेणार नाही.