साध्या दोलकाचा संच: साहित्य उत्तम, कोष्टक सदोष

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी मिळणारा साध्या दोलकाचा संच मी गेल्या महिन्यात नाशिकमध्ये शालिमार परिसरातील एका दुकानातून घेतला. पितळी गोळा जड व गुळगुळीत आहे, दोरा गाठीपाशी सरकत नाही आणि लोखंडी स्टँड हलत नाही. साहित्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती सोबतच्या पुस्तिकेतील एककांच्या रूपांतराच्या कोष्टकाबद्दल.

माझ्या भाचीने दोरा टांगलेल्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर लांबी ठेवली आणि वीस दोलने मोजली, तेव्हा ४०.२ सेकंद लागले. म्हणजे दोलनकाल २.०१ सेकंद आणि त्यावरून गुरुत्व त्वरण सुमारे ९.७७ मीटर प्रति सेकंद वर्ग. घरच्या टेबलावर इतके चांगले उत्तर आल्याचा मला मनापासून आनंद झाला. पुढे तिने कोष्टक पाहून हे उत्तर गॅलमध्ये बदलले आणि ते ९७.७ आले. त्याच पानावर प्रमाण मूल्य ९८०.६६५ गॅल छापलेले असल्यामुळे ती हिरमुसून म्हणाली, "मामा, माझं दहापट चुकलं." प्रत्यक्षात चूक छपाईची होती. गॅलिलिओच्या नावावरून आलेले गॅल हे एकक म्हणजे १ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग, अर्थात ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्ग. पुस्तिकेत मात्र ०.१ छापले आहे. तिचे खरे उत्तर ९७७ गॅल होते. फुटांचे रूपांतर, म्हणजे ३२.१७४ फूट प्रति सेकंद वर्ग, बरोबर दिले आहे.

दुसरी उणीव मला अधिक खटकली. १९०१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलेले ९.८०६६५ हे प्रमाण मूल्य पुस्तिकेने जणू प्रत्येक गावाचे उत्तर म्हणून दिले आहे. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे येथील मूल्य साधारण ९७८.५ गॅल, म्हणजे प्रमाण मूल्यापेक्षा सुमारे २ गॅल कमी असायला हवे. भूगर्भशास्त्रज्ञ असे फरक मिलिगॅलमध्ये मोजतात आणि १ मिलिगॅल म्हणजे गॅलचा हजारावा भाग. या संचाकडून तेवढ्या अचूकतेची अपेक्षा नाही, कारण चाळीस सेकंदांत स्टॉपवॉच ०.१ सेकंद चुकले तरी उत्तर जवळजवळ ५ गॅलने बदलते. हे एक वाक्य पुस्तिकेत असते, तर मुलांना आपल्या उत्तराकडे कसे पाहावे हे कळले असते.

दुकानदारांना ते पान दाखवल्यावर त्यांनी माझ्यासमोरच उरलेल्या पुस्तिकांत ०.१ खोडून ०.०१ लिहिले. संच अवश्य घ्यावा. मात्र मुलांच्या हाती देण्यापूर्वी कोष्टकातील गॅलची ओळ स्वतः तपासून घ्यावी.